रोज तीन दोरे: फेरफटका, भरतकाम आणि घरकाम यांचा एक आठवडा

भरतकामाची हौस असलेल्या बहुतेकांच्या कपाटात एक अर्धवट कापड असतंच. सुरुवातीला मोठ्ठा मोर काढलेला असतो, त्याची चोच आणि अर्धी मान भरून होते आणि मग पुढे काही नाही. माझ्याकडे अशी तीन होती. म्हणून मी मोठं काही काढणंच सोडलं. आता एका कापडावर नऊ लहान चौकटी आखते आणि रोज फिरायला गेल्यावर जे दिसेल त्यातलं एक काहीतरी एका चौकटीत भरते. सात दिवसांत कापड पूर्ण होतं. ते कसं करायचं ते सांगते.

आदल्या संध्याकाळी तयारी करून ठेवा, कारण पहिल्याच दिवशी कात्री शोधण्यात अर्धा तास गेला की उत्साह तिथेच संपतो. कापड सुती, फिकट रंगाचं, फार दाट विणीचं नसलेलं घ्या, मांजरपाट उत्तम. ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करा. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि भरून झाल्यावर आटलं तर टाक्यांभोवती चुण्या पडतात. 36 सेंटिमीटरचा चौरस कापून मधोमध 8 सेंटिमीटरच्या नऊ चौकटी पेन्सिलीने हलक्या हाताने आखा. कडेने 6 सेंटिमीटर कापड मोकळं राहील. ते वाया जातंय असं वाटेल, पण कोपऱ्यातली चौकट भरताना 15 सेंटिमीटरच्या रिंगला, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या गोल चौकटीला, पकडायला तेवढं लागतंच.

दोऱ्याचे चार रंग पुरेत. लडीचा दोरा सहापदरी असतो. त्यातले दोनच पदर वापरायचे. पदर एकेक करून वर ओढून काढा आणि मग दोन जुळवा. दोन्ही एकदम ओढले की हमखास गुंता होतो. लाल किंवा गडद निळा असेल तर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. रंग लागला तर तो दोरा गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मी एकदा हे टाळलं होतं. सगळं भरून झाल्यावर धुतलं आणि पांढरं कापड गुलाबी झालं. सुया मोजून ठेवा. पाच असतील तर पाच, हा आकडा आठवडाभर लक्षात ठेवायचा आहे.

आता वेळेचं. रोज अर्धा तास काढा असं सांगणं सोपं आहे, पण घरात कोणाचा अर्धा तास सलग सुटत नाही. म्हणून घड्याळ सोडा आणि दोरा मोजा. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर, हा एक दोरा. याहून लांब घेतला तर कापडातून पुन्हापुन्हा जाऊन तो पिसारतो आणि गाठीही होतात. दिवसाला असे तीन दोरे संपवायचे. सकाळीच तीन सुयांमध्ये ओवून ठेवा. कपडे मशिनमध्ये फिरत असताना एक, फोनवर लांबलेलं बोलणं ऐकताना एक, रात्री सगळं आवरल्यावर एक. दोरा संपला की उठायचं. दोरा सुईत जात नसेल तर टोकाऐवजी सुईचं नेढं किंचित ओलं करा, नाहीतर सुई उलटी फिरवून दुसऱ्या बाजूने ओवा. नेढ्याची एक बाजू बहुधा जास्त सोपी असते.

फेरफटका 25 मिनिटांचा, सहा दिवस. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते, ती यात होते. मात्र कुंपणापाशी थांबून पान निरखण्यात गेलेली मिनिटं त्यात धरायची नाहीत. वाट रोज तीच ठेवा. नवी वाट घेतली की सगळंच दिसतं आणि हाती काही लागत नाही. जुन्या वाटेवर कालच्यापेक्षा वेगळं काय आहे ते आपोआप डोळ्यांत भरतं. फोटो काढू नका असा माझा आग्रह आहे. फोटोत पानाची प्रत्येक शीर येते आणि मग ती सगळी भरायचा मोह होतो. त्याऐवजी खिशात कागदाचा तुकडा ठेवा आणि पाच रेषांत काढा. जे पाच रेषांत बसत नाही ते तीन दोऱ्यांतही बसत नाही.

पहिल्या दिवशी दोनच कामं. आखलेल्या चौकटींवरून साध्या शिवणाच्या दोऱ्याने धावदोरा घालून घ्या. पेन्सिल पुसली गेली तरी चौकट राहते आणि हातही मोकळा होतो. मग पहिल्या चौकटीत तुमची वाट भरा: घरापासून घरापर्यंतची रेघ, जिथे वळता तिथे वळण. यासाठी उलटी टीप. सुई एक टाका पुढे वर काढायची आणि मागच्या टाक्याच्या टोकाशी खाली घालायची. वळणावर टाके लहान करा, नाहीतर वळणाचा कोपरा होतो. घराच्या जागी एक गाठ: सुईला दोऱ्याचे दोन वेढे द्या, दोरा ताणून धरा आणि सुई निघाल्या भोकाच्या शेजारी खाली घाला. त्याच भोकात घातली तर गाठ पलीकडे निघून जाते. पहिल्या चार-पाच जातातच, वैतागू नका.

दुसऱ्या दिवशी देठ किंवा वेल पाहा. देठाच्या टाक्यात प्रत्येक टाका आधीच्या टाक्याच्या मध्यापाशी, त्याला लागून निघतो. त्यात एकच गोष्ट सांभाळायची: दोरा दर वेळी सुईच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. मध्येच बाजू बदलली की दोरीसारखा पीळ तिथे तुटलेला दिसतो, आणि दोन हातांवरूनही दिसतो. पान भरायचं असेल तर आधी कडेने उलटी टीप घाला आणि तिच्या बाहेरून भरीव टाके, म्हणजे एकमेकांना लागून समांतर टाके, घ्या, म्हणजे कड सरळ येते. एक सेंटिमीटरहून लांब भरीव टाका घेऊ नका. तो सैल पडतो आणि बांगडीत, नखात अडकतो.

तिसऱ्या दिवशी सरळ रेषांचं काहीतरी, तारा, फाटक, खिडकीचे गज. हा सोपा दिवस आहे.

चौथा दिवस बहुधा फसतो. पाऊस येतो, कोणीतरी आजारी पडतं, नळ गळतो. फिरणं झालं नाही तर घरातलंच भरा. माझ्या कापडावर चौथ्या चौकटीत नेहमी वाळत घातलेले कपडे असतात: धावदोऱ्याची एक दोरी आणि खाली चार चौकोन. त्याच बैठकीत घरातली तुटलेली बटणं लावून टाका. बटण लावताना त्याच्याखाली आगकाडी धरून टाके घ्या, मग काडी काढून बटणाखाली दोरा तीन-चार वेळा गुंडाळा. बटणाला मान मिळते आणि काजात घालताना कापड ओढलं जात नाही. या दिवसाचे तीन दोरे बटणांवर गेले तरी ते मोजायचे.

पाचवा आणि सहावा दिवस फुलांचा किंवा पक्ष्यांचा, तुमच्या वाटेवर जे असेल त्याचा. इथे साखळी टाका कामाला येतो: दोऱ्याचा फासा करायचा आणि पुढचा टाका त्याच्या आतून काढायचा. त्याचे फासे ओढून घट्ट करू नका, कापडावर सैलसर पडू द्या. एकच फासा टोकाला छोट्या टाक्याने दाबला की पाकळी होते. रंगाचं काम दिवसाउजेडी करा. दिव्याखाली निवडलेले दोन हिरवे सकाळी भलतेच निघतात. उजव्या हाताने शिवत असाल तर दिवा डावीकडे हवा. मध्येमध्ये मान वर करून लांबचं काही पाहा. आणि कापड मांडीवर टेकवून भरू नका. मी भरलं होतं. उठले तेव्हा अंगावरचा झगाही रिंगबरोबर वर आला.

रात्री रिंग काढून ठेवायची, रोज. तशीच लावून ठेवली तर कापडावर वर्तुळाची घडी बसते आणि ती सहजी जात नाही. टाका चुकला तर? सुई ओवलेली असताना ओढून उसवू नका. सुई काढून घ्या आणि नेढ्याच्या बोथट बाजूने एकेक टाका मागे घ्या. दोन हात लांबून चूक दिसत नसेल तर मी उसवत नाही.

सातव्या दिवशी सातवी चौकट भरा. आठवीत तारीख घाला, नववी तशीच सोडा. मला तरी एक चौकट रिकामी लागते. मग कापड साबणाच्या गार पाण्यात हलक्या हाताने धुऊन पेन्सिलच्या रेषा घालवा. पाण्याने जाणाऱ्या पेनाने आखलं असेल तर धुण्याआधी इस्त्री अजिबात नको, रेघ पक्की होते. किंचित दमट असताना जाड टॉवेलवर उपडं ठेवून मागून इस्त्री करा; गाठी आणि साखळ्या टॉवेलमध्ये रुततात, चपट्या होत नाहीत. कडेचं कापड 4 सेंटिमीटरवर कापा, एक सेंटिमीटर दुमडा, पुन्हा दीड सेंटिमीटर दुमडा आणि तुरपाई करा. कोपऱ्यातला जाड भाग आधी तिरपा कापून टाका.

पसारा आवरण्याआधी सुया मोजा. चारच निघाल्या तर पाचवी सोफ्यात आहे. लोहचुंबक फिरवा, हाताने चाचपू नका.