होल्स्टरची पाठ आधी वाचा

जुनं जर्मन लष्करी होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं चामडी म्यान, हाती आलं की आधी उलटं करा. दुसऱ्या महायुद्धातले ठसे बहुधा पाठीवरच, पट्टा अडकवायच्या पट्ट्यांजवळ असतात. पहिल्या महायुद्धातल्या नगावर मात्र झाकणाची आतली बाजू बघा.

१९४०च्या सुमारापर्यंत कारखान्याचं नाव, गाव, साल सरळ छापलेलं मिळतं. पुढे नावाच्या जागी छोट्या रोमन अक्षरांतला संकेत येतो: 'बीएमएल' (bml) म्हणजे नॉय-उल्मचा हान्स र्‍योमर. शेजारी गरुड आणि तपासनिसाचा क्रमांक.

'पी.३८' या पिस्तुलाच्या ठशाबरोबर १९३६ साल दिसलं, तर खुशाल परत करा. ते पिस्तूल स्वीकारलंच १९३८ला. टॉर्च तिरका धरा: खऱ्या ठशाच्या तळाशीही जुना मळ आणि मेण मुरलेलं दिसतं.