दुसऱ्यांदा कोल्हापूर: नंदीच्या चालीनं कसं फिरावं

नाशिकचे आमचे दाजी गेल्या हिवाळ्यात दुसऱ्यांदा आले, तेव्हा त्यांनी चहाच्या आधी खिशातून कागद काढला. अकरा ठिकाणं, प्रत्येकापुढे किलोमीटर. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, न्यू पॅलेस, कणेरी मठ हे सगळं मागच्या खेपेला उरकलेलं, म्हणून ही नवी यादी. मुक्काम तीन रात्रींचा. मी म्हटलं, "दाजी, एवढ्यात तुम्हाला कोल्हापूर दिसणार नाही, फक्त गाडीची काच दिसंल."

रंकाळा तळ्याकाठच्या नंदीची गोष्ट इथं लहान पोरांनाही ठाऊक असते. हा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी होईल, असं सांगतात. म्हणजे घाई कुणालाच नाही, नंदीलाही नाही आणि आम्हालाही नाही. दुसऱ्या खेपेचं कोल्हापूर त्याच चालीनं बघायचं. त्यासाठी ठिकाणांची यादी बाजूला ठेवून वेळांची यादी करा. या गावात पहाटेला एक गोष्ट असते आणि दिवेलागणीला दुसरी. वेळ चुकली की त्याच जागी नुसत्या भिंती उरतात.

आधी मुक्काम ठरवा

पहिल्यांदा येणारे स्टेशन नाहीतर एसटी स्टँडच्या आसपास उतरतात, ते सोयीचंच असतं. या खेपेला मात्र बिंदू चौक, महाद्वार, गंगावेश या पट्ट्यात खोली बघा. जुनं गाव पायाखालचं आहे, मंदिरापासून रंकाळाही रमतगमत चालण्याजोगा. गाडी आणलीच तर एकदाची लावून टाका. पेठांतल्या बोळात चारचाकी घालणं म्हणजे आपलं आणि समोरच्याचं तोंड खराब करून घेणं.

तारखा ठरवताना नवरात्र टाळा आणि शहरात फिरण्याचा दिवस सोमवारी येऊ देऊ नका, कारण त्या दिवशी वस्तुसंग्रहालय बंद असतं. तारखा तुमच्या हातात असतील तर नोव्हेंबरात 9 ते 11 किंवा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी बघा. मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांपासून वर चढत जातात, तो किरणोत्सव तेव्हा असतो. ढग आले तर किरणं पोचत नाहीत, तेवढी तयारी ठेवून या.

पहाट तालमीसाठी

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं तुम्ही ऐकली असतील. बाहेरून बघितलं तर साध्या इमारती. आत जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी जाऊन वस्तादांना विचारा, "उद्या पहाटे बघायला आलो तर चालंल का?" बहुतेक वेळा होकाराची मान हलते. काही ठिकाणी बायकांनी आखाड्यापाशी यायची पद्धत नाही. बरोबर बायका असतील तर तेही आधीच स्पष्ट विचारून घ्या, दारातून परत फिरायची वेळ नको.

उजाडण्याआधी पोचा. चपला बाहेर, मारुतीला हात जोडायचे आणि भिंतीला टेकून गप्प बसायचं. पहिला अर्धा तास कुस्ती दिसणारच नाही. पोरं फावड्यानं माती उकरत असतात. तांबडी माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं. तो वास कपड्यांना लागून घरापर्यंत येतो. मग जोर, बैठका, आणि अंग तापलं की जोड्या लागतात. वस्ताद कोपऱ्यातून एखादाच शब्द टाकतात आणि मातीतली दोन्ही डोकी वळतात. फोन खिशातच राहू द्या. फोटो हवाच असेल तर मेहनत संपल्यावर विचारा. तेव्हा मात्र पोरं दंड फुगवून उभी राहतात.

तिथून पंचगंगा घाट जवळ आहे. नदीकाठच्या समाध्या आणि छोटी देवळं कोवळ्या उन्हात बघावीत. पावसाळ्यात यातलं बरंचसं पाण्याखाली असतं.

कुस्तीचं खासबाग मैदानही याच सकाळी बघून घ्या. शाहू महाराजांनी हे 1912 साली उभं केलं. रोममधलं प्रेक्षागार बघून त्यांना कल्पना सुचली असं म्हणतात. आखाडा मध्ये आणि चहूबाजूंनी वर चढत जाणारी बसायची जागा. सगळ्यात वरच्या कडेवर जाऊन बसा, मधला माणूस कसा नीट दिसतो ते कळेल. दार लावलेलं असेल तर राखणदाराला हाक मारा.

यानंतर मिसळ. नावाजलेल्या दुकानापुढे रांगेत ताटकळू नका. जिथं रिक्षावाले खातात तिथं बसा. इथं मिसळीबरोबर स्लाइसचा पाव येतो, तो बघून नाक मुरडू नका, कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, शोषून घ्यायला तोच बरा. कट आणखी मागितला की वाढतात, तो संकोच ठेवू नका.

दुपार टाउन हॉलची

ऊन चढलं की सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाउन हॉलमध्ये शिरा. बाग, मोठी झाडं आणि 1872 ते 1876 या काळात बांधलेली दगडी इमारत. आतलं वस्तुसंग्रहालय छोटं आहे, धावत गेलात तर वीस मिनिटांत संपतं. आम्ही तिथं दीड तास घालवला, त्यातला अर्धा एका वितीएवढ्या मूर्तीपाशी.

ही ब्राँझची मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. समुद्रापासून एवढ्या लांब, सह्याद्रीच्या अलीकडे, हा देव आला कसा? पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. 1945-46 मध्ये तिथं उत्खनन झालं आणि सातवाहन काळातलं गाव सापडलं. रोमन जगाशी व्यापार करणारं, पैसेवाल्यांचं गाव. घाटवाटांनी माल समुद्राकडे जायचा आणि तिकडून असल्या चिजा यायच्या. दाजी म्हणाले, "म्हणजे हा इम्पोर्टेड देव." म्हटलं, हो, दोन हजार वर्षांपूर्वीचा.

खरी गंमत पुढे आहे. संग्रहालयातून निघून ऊन उतरल्यावर ब्रह्मपुरीच्या टेकाडावर चालत जा. आधी टेकडी बघितली तर काही कळत नाही, वस्ती आहे आणि खाली नदी आहे, बस. पण मूर्ती बघून गेलात तर पायाखालच्या मातीकडे नजर जाते. हा क्रम उलटा करू नका.

संध्याकाळची फेरी, शाहू महाराजांच्या मागं

न्यू पॅलेसमध्ये राजाचे कपडे आणि शिकारीतली जनावरं बघून झाली असतील. राजानं काय केलं ते दसरा चौकात दिसतं. चौकाच्या आजूबाजूला जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशा इमारती उभ्या आहेत. शिकायला खेड्यातून आलेल्या पोरांना राहायला जागा मिळेना, म्हणून 1901 पासून शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहं काढायला हात दिला. 26 जुलै 1902 ला मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला, तो याच संस्थानात.

तिथून भाऊसिंगजी रोडनं चालत या. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं चहाचं दुकान होतं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा गावानं प्यावा म्हणून महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घेत. महाराज पितात म्हटल्यावर बरोबरच्या मानकऱ्यांनाही कप उचलावा लागे! त्या रस्त्यावर आज कुठल्याही टपरीवर कटिंग घ्या आणि ही गोष्ट बरोबरच्या पोराबाळांना सांगा.

फेरी बिंदू चौकात संपवा. इथले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे 9 डिसेंबर 1950 ला बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. आम्ही रोज त्यांना वळसा घालून भाजी आणायला जातो आणि ध्यानातही येत नाही.

डिसेंबर ते मे या दिवसांत आलात आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असेल तर ही फेरी खुशाल अर्धी सोडा. पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा सामना लागला की अर्ध्या गावाचं काम थांबतं. तालमींच्या नावानं फुटबॉल खेळणारं गाव दुसरीकडे मला तरी भेटलं नाही.

रात्री जेवणाआधी गंगावेशीत दूध कट्ट्यावर या. म्हशी उभ्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात. धारोष्ण दूध, कोमट, जड. सवय नसेल तर अर्धा ग्लास पुरे. लहान मुलं, गरोदर बाई किंवा नाजूक पोटाचा माणूस बरोबर असेल तर त्यांनी नुसतं बघावं, कच्चं दूध आहे ते. दाजींनी दोन ग्लास घेतले आणि वर तांबडा-पांढरा रस्सा चापला. रात्र कशी गेली ते ताईला विचारा.

गावाबाहेर: एका दिवसाला एकच दिशा

पूर्वेला जायचं तर खिद्रापूर. अंतर साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. सकाळी लवकर निघा, वाटेत नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम बघा, पण तिथं रेंगाळू नका, येताना रेंगाळायचं आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात ऊन डोक्यावर येण्याच्या सुमाराला पोचलं पाहिजे. पुढचा स्वर्गमंडप वरून उघडा आहे, छताला गोल आकाश. खाली तेवढीच गोल शिळा. खांबांच्या मधून आत आलात की उन्हाचा तुकडा त्या शिळेकडे सरकत येताना दिसतो. तिथं मांडी घालून बसा आणि खांब बघा. एकाच खांबात चौकोन, अष्टकोन, गोल असे घाट एकावर एक, आणि पॉलिश असं की बोट घसरावं. बाहेर फिरताना पायथ्याच्या हत्तींची रांग चुकवू नका. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. तो नदीपलीकडे यडूरला आहे असं गावकरी सांगतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलाच्या बरोबर वर येतो, तेव्हा गर्दी असते, पण त्या एका दिवशी गर्दी सोसावी.

परतताना वाडीची बासुंदी. भर पावसाळ्यात मात्र ही दिशा नको, नद्या चढल्या की वाडीच्या देवळात पाणी येतं आणि रस्ते बंद होतात.

पश्चिमेला राधानगरी. तिथं धरण बघा. शाहू महाराजांनी काम सुरू केलं आणि ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. पाण्यातला बेनझीर व्हिला हा जुना बंगला उन्हाळ्यात पाणी उतरलं की नीट दिसतो. पूर्व आणि पश्चिम एका दिवसात जोडणारा ड्रायव्हर भेटला तर त्याला नमस्कार करा आणि दुसरा बघा.

वाटेत गुऱ्हाळ दिसलं तर

दिवाळीनंतर मार्चपर्यंत राधानगरी, गगनबावडा या रस्त्यांना उसाच्या शेतात धूर दिसला की गाडी थांबवा. पूर्वीइतकी गुऱ्हाळं आता राहिली नाहीत, ऊस कारखान्याला जातो. थेट काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, जाऊ नका, बांधावरून हाक मारा. आम्हाला आतून उत्तर आलं, "या की पाव्हणं, पर तिकडनं या, हिकडं वाफ लागंल."

चुलवाणात वाळलेली चिपाडं सरकवणारा एक माणूस, वर काहिलीत उकळणारा रस. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. रंग हिरवट, मग पिवळा, मग सोनेरी. मुख्य माणूस गुळव्या. तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि एका क्षणी हात वर करतो. सगळे धावतात. काहील गूळ गार करायच्या वाफ्यात ओतली जाते. एक मिनिट उशीर झाला तर गूळ करपला, आधी काढला तर बसत नाही. हे बघायला दोन तास द्या, नाहीतर थांबू नका. निघताना काकवीची बाटली आणि गरम गूळ मागा, आणि पैसे "नको" म्हणाले तरी द्या.

चपला पहिल्या दिवशी सांगा, शेवटच्या दिवशी न्या

चप्पल लाईनमध्ये शिरून टांगलेली जोडी घेणं हे पहिल्या खेपेचं काम. या वेळी पोचल्या दिवशी पायाचं माप देऊन ठेवा. कापशी, कुरुंदवाडी असे घाट विचारा. तळ उलटा करून बघा: शिवण कातड्याच्या वादीची हवी, खिळे नकोत. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याला एक तुरट वास असतो, रेक्झिनला तो येत नाही. भावात घासाघीस करा, पण हातानं शिवलेल्या जोडीला मशीनच्या जोडीचा भाव सांगू नका.

शेवटच्या सकाळी जोड घेतलात की ती घालून प्रवासाला निघू नका. मी एकदा नव्या जोडीत जोतिबाची पायरी चढलो होतो, चार दिवस अनवाणी फिरत होतो. घरी जाऊन रात्री आतून तेल लावा, आठवडाभर घरातल्या घरात घाला, मग बाहेर काढा. आणि पावसात भिजवून आमच्या नावानं बोटं मोडू नका.