सोलरच्या बॅकअप कॉइलला रिले बसवताय? आधी एवढं तयार ठेवा

पाऊस लागला की खानापूर, बेळगावकडं सोलरचं पाणी कोमटसुद्धा येत नाही, मग टेरेसवरच्या टाकीतली बॅकअप कॉइल, म्हणजे विजेवर पाणी तापवणारा हीटर, आठवते आणि वर-खाली पळायला नको म्हणून टायमर नि रिले (टायमरच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा स्विच) पाहिजे होतो. मे महिन्यातच उरकून घ्या, जूनमध्ये वायरमन हाताला लागत नाही.

आधी टाकीवरचं लेबल वाचा. बहुतेक २ किलोवॅट असतंय, म्हणजे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर. दुकानदार १० अँपिअरचा चौकोनी छोटा रिले पुढं करतोय, "चालतंय की ओ" म्हणून, तो घेऊ नका, रोज तासन्‌तास चालणाऱ्या लोडला तो काठावरच. टू पोल कॉन्टॅक्टर (म्हणजे जड लोडचा दणकट रिले) मागा, २५ अँपिअर, आणि हा आकडा एसी-१, म्हणजे हीटरसारख्या लोडच्या रेटिंगसमोरचा पाहिजे, एसी-३ म्हणजे मोटरचं रेटिंग. कॉन्टॅक्टरच्या आतली, त्याला ओढणारी कॉइल २३० व्होल्ट एसीचीच, २४ ची आणलात तर लावल्या लावल्या जळणार. टू पोल अशासाठी की फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात, आणि जुन्या घरांत ते उलटसुलट जोडलेलं निघालं तर नवल नाही. टायमरनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची, हीटरचा लोड त्यातनं न्यायचा नाही.

२.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा डीपी एमसीबी (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा ब्रेकर), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की ट्रिप होणारी), लग (वायरच्या टोकाला दाबायचा), ग्लँड (वायर बॉक्समध्ये शिरते तिथं आवळायचा), बॉक्स, हे आणून ठेवा. बॉक्स शक्यतो जिन्यात घ्या, टेरेसवर नको. नाइलाजानं वरच बसवायचा तर वायर खालच्या बाजूनं आत शिरली पाहिजे आणि भोकं बुजवा, नाहीतर मुंग्या शिरतात आणि कॉन्टॅक्टमध्ये चिरडून बसतात, मग रिले टकटक करतोय पण गरम काही नाही.

कामाच्या दिवशी मेन बंद करा, नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून ओहम बघा, २ किलोवॅटला २६ च्या आसपास यायला पाहिजे, आणि कॉइल ते टाकीची बॉडी काहीच दाखवायला नको. दाखवलं तर आधी कॉइल बदला. आणि थर्मोस्टॅट मधेच राहू दे! काही वायरमन "आता टायमर हाय की" म्हणत तो बायपास करतात, तसं करू देऊ नका, टाकी किती तापली ते टायमरला कळत नाही.

चालू केल्यावर घाई नको. २०० लिटर पाणी २० वरून ५० डिग्रीला न्यायला जवळपास ७ युनिट लागतात, म्हणजे साडेतीन तास, अर्ध्या तासाचा टायमर लावून "रिले बिघडलाय" म्हणू नका.

खरंच बिघडला तर? घूंऽऽ आवाज येत असेल तर व्होल्टेज मोजा, संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टरची कॉइल नीट ओढत नाही. व्होल्टेज बरोबर असेल तर आत धूळ. टक होतंय पण पाणी थंड, तर आउटपुटला मीटर लावा, तिथं २३० असेल तर रिलेला शिव्या देऊ नका, थर्मोस्टॅट किंवा हीटरची कॉइल गेलीय. जळका वास आला तर बंद करून स्क्रू आवळा, काळा पडलेला लग कापून नवा घाला. टायमर बंद असूनही आउटपुटला करंट येतोय म्हणजे कॉन्टॅक्ट चिकटलेत, पॉलिश पेपर घासत बसू नका, वरचा चांदीचा थर जातो. एमसीबी पाडा आणि कॉन्टॅक्टर नवा आणा.