उन्हाळा लागायच्या आत: झोआंचे रंग टिकवण्यासाठी टँकची तयारी

होळी जवळ आली की मी खाऱ्या पाण्याच्या टँकची तयारी काढते, कारण नाशिकचा एप्रिल चाळिशीला टेकतो आणि मग धावपळ करून रंग परत येत नाहीत. ही यादी झोआंची आहे, म्हणजे दगडावर झुबक्याने वाढणाऱ्या, बटणासारख्या मऊ, रंगीत सागरी जिवांची. खडक बांधणारी कठीण प्रवाळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ती समुद्रातच राहू द्यावीत, कोणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी.

सगळ्यात आधी पाणी. गंगापूर धरणाचं पाणी आपल्याला गोड लागतं, पण नळातून क्लोरीन आणि क्षार घेऊनच येतं. टँकला आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधूनही गाळलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलंच पाणी हवं. पिण्याच्या आरओवर भागत नाही, त्यात थोडे क्षार उरतातच. गेल्या वर्षी माझं डीआय रेझिन संपलं म्हणून बाहेरून दोन जार मागवले आणि न मोजता वापरले. चार दिवसांत वाळूवर तपकिरी साय धरली. तीन आठवड्यांनी पाहते तर नारिंगी तोंडाच्या झोआंची पोपटी किनार चहा सांडल्यासारखी मळकट. उरलेल्या पाण्यात टीडीएस पेन बुडवला, तर आकडा 84. तेव्हापासून रेझिनचं जादा पाकीट फेब्रुवारीतच आणून ठेवते.

मग टेस्ट किट काढा, मुदत बघा. पॉलिपच्या, म्हणजे झोआच्या एकेका बटणाच्या, अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली. त्याचा रंग तपकिरी. नायट्रेट-फॉस्फेट वाढलं की ते माजतं आणि पॉलिपचा स्वतःचा हिरवा-नारिंगी रंग झाकून टाकतं. पाणी फार निकस झालं तर उलट होतं, पॉलिप फिके पडतात, मिटून बसतात. मी नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम प्रतिलिटर राखते. शून्य आलं तर आनंद मानू नका, माशांचं खाणं चिमूटभर वाढवा. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद, 8 ते 9 डीकेएच (हे तिचं एकक). आकडा अमुकच हवा यापेक्षा तो रोज हलू नये, हे जास्त महत्त्वाचं. ‘रंग वाढवणाऱ्या’ बाटल्यांचा खर्च मी कधीच थांबवला.

तापमान 24 ते 27 अंश. चिलर असेल तर मार्चमध्येच त्याची जाळी साफ करून एक दिवस चालवून बघा. नसेल तर पाण्यावर पंखा लावा, पण आपल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. काचेवर पातळीची खूण करा, रोज तेवढंच बिनमिठाचं आरओ-डीआय पाणी घाला, खारं नव्हे. घनता 1.025, रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं साधन) आधी 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या. दुपारी वीज गेली तर बॅटरीवरचा एअरपंप हाताशी हवा. हीटर मात्र कपाटात टाकू नका. निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात तेव्हा आपल्या हॉलमधला टँकही गारठतो.

दिव्यात निळा भाग जास्त हवा, साधारण 420 ते 460 नॅनोमीटर. देठ लांब करून पॉलिप वर ताणलेले दिसले तर उजेड कमी पडतोय. नवा दिवा निम्म्या जोरावर लावून दर आठवड्याला थोडा वाढवा; एकदम वाढवला तर पॉलिप पांढरे पडतात. पाणी गाळायचा कार्बन महिन्याला बदला, पिवळट पाण्यातून निळा उजेड नीट उतरत नाही.

हातमोजे आणि चष्मा टेस्ट किटजवळच ठेवा. काही झोआंत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. फ्रॅग, म्हणजे वेगळा लावायचा तुकडा, कापताना पाणी डोळ्यांत उडू देऊ नका. झोआ लागलेला दगड गरम पाण्यात उकळायचा नाही, त्या वाफेनेही घरातली माणसं आजारी पडतात. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, भांडी घासायला येणाऱ्या मावशींनासुद्धा.

सगळं लागलं की पांढऱ्या उजेडात, रोजच्या एकाच जागेवरून फोटो काढून त्यावर तारीख टाका. मे महिन्यात रंग उतरलाय की आपल्याला तसं वाटतंय, हे त्या फोटोशेजारी धरूनच कळतं.