आधी रिस्टोअर शिका: वेर्ण्याच्या सर्व्हर रूममधून

२०१३ साली पणजीला आल्तिनोवरच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला आणि मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत लागले. काम एका वाक्यात सांगितलं गेलं: रोज सकाळी बॅकअपची, म्हणजे डेटाच्या राखीव प्रतीची, टेप बदलायची आणि रात्री आपोआप चालणारे बॅकअपचे सगळे जॉब हिरवे, म्हणजे यशस्वी, आहेत की नाहीत ते वहीत लिहायचं. डिचोलीला घरी आईने विचारलं, "म्हणजे नक्की करतेस काय गो?" मी म्हटलं, "कॅसेट बदलते." तिला ते पटलं नाही. खरं तर मलाही पटलं नव्हतं.

आता मुलाखती घ्यायच्या बाजूला बसते. येणारी मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात की व्हीम शिकू, कॉमव्हॉल्ट शिकू की नेटबॅकअप? ही सगळी बॅकअपची सॉफ्टवेअर. कुठलंही शिका. सगळ्यांच्या पोटात तेच अवयव आहेत. डेटा असलेल्या मशीनवरचा एजंट, म्हणजे डेटा उचलून देणारा छोटा प्रोग्रॅम, किंवा व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) असेल तर त्याचा स्नॅपशॉट, त्या क्षणाची प्रत. डेटा वाहून नेणारा सर्व्हर. तो ठेवायची जागा. आणि कुठे काय ठेवलंय त्याची वही, म्हणजे कॅटलॉग. एक नीट कळलं की दुसऱ्यात फक्त बटणांच्या जागा शोधाव्या लागतात.

शिकण्याचा क्रम मात्र जवळपास सगळे चुकवतात. मीही चुकवला. आधी बॅकअप घ्यायला शिकायचं, रिस्टोअरचं, म्हणजे त्यातून डेटा परत आणायचं, वेळ आली की बघू, असा तो क्रम. उलटं करा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, दुसऱ्या कोणीतरी घेतलेल्या बॅकअपमधून एक फाइल परत आणा, मग एक डेटाबेस, मग एक अख्खं मशीन. आणि मूळ जागेवर नाही, बाजूला, नव्या जागी. मूळ जागेवर रिस्टोअर मारून चालू डेटा पुसलेला एक मुलगा मी पाहिला आहे. हुशार होता, घाईत होता.

हे मी एवढं ठासून का सांगते, त्याला एक कारण आहे. आमच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये औषधातले घटक वेगळे करून मोजणारी एचपीएलसी यंत्रं आहेत. औषधाच्या प्रत्येक बॅचची तपासणी झाली की तिचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे मोजणीचा आलेख, एका सर्व्हरवर जमा होतो. त्या सर्व्हरचा जॉब रोज रात्री दीडला चालायचा आणि रोज हिरवा यायचा. २०१५च्या पावसाळ्यात ऑडिटची तयारी चालली होती. क्वालिटीच्या मॅडमनी एप्रिलमधल्या एका बॅचचा नंबर दिला आणि म्हणाल्या, "हिचा कच्चा डेटा बॅकअपमधून काढून दाखव." मी कॅटलॉग उघडला. फोल्डर सापडला, जानेवारी होता, फेब्रुवारी होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यानंतर काहीच नाही.

झालं होतं असं की, डी ड्राइव्ह भरत आला म्हणून यंत्राच्या व्हेंडरचा माणूस येऊन नवा डेटा ई ड्राइव्हवर जाईल अशी सेटिंग करून गेला होता. लॅबला वाटलं, आयटीला माहीत असेल. आयटीला, म्हणजे मला, कोणी सांगितलंच नाही. आमचा जॉब इमानेइतबारे डी ड्राइव्ह उचलत होता, आणि डी ड्राइव्हचा बॅकअप खरोखरच उत्तम होता! सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं. आम्ही त्याला जेवढं विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं. ई ड्राइव्ह तोवर शाबूत राहिला हे आमचं नशीब. अमेरिकेला औषध पाठवणाऱ्या कारखान्यांना २१ सीएफआर २११.६८ हा नियम लागू असतो आणि त्यात बॅकअप तंतोतंत आणि संपूर्ण असावा असं सरळ लिहिलेलं आहे. आमचा तंतोतंत होता. संपूर्ण नव्हता.

वाईट याचं वाटलं की खूण समोरच होती. मार्चपासून त्या जॉबचा रोजचा इन्क्रिमेंटल, म्हणजे आदल्या बॅकअपनंतर बदललेला तेवढाच डेटा, काही एमबींवर आला होता. यंत्रं तीन पाळ्यांत चालताहेत आणि डेटा वाढत नाही, हे कसं काय? मी टिक बघून वहीत 'ओके' लिहीत होते, आकार बघतच नव्हते. तेव्हापासून सकाळच्या तपासणीत मी रंग शेवटी बघते. आधी आकार, मग लागलेला वेळ, मग सोडून दिलेल्या फाइलींची यादी. एरवी चाळीस मिनिटं घेणारा जॉब चार मिनिटांत संपला तर आनंद मानू नका, उघडून बघा. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक खात्यात जाऊन बसा. नवीन यंत्र आलं का, कोणी फोल्डर हलवला का, कोणाच्या टेबलावरच्या पीसीत एखादी महत्त्वाची एक्सेल आहे का. आमच्या स्टोअरमधल्या काकांनी अशाच एका फेरीत सांगितलं, "बाय, गेल्या सहा वर्षांचा स्टॉक माझ्या ह्या डबड्यात आहे." ते डबडं कुठल्याच जॉबमध्ये नव्हतं.

सरावासाठी नोकरीची वाट बघू नका. १६ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप पुरतो. त्यावर प्रॉक्समॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाका, दोन-तीन मशीन उभी करा. व्हीमची कम्युनिटी एडिशन १० वर्कलोडपर्यंत (ढोबळपणे तेवढ्या मशीनपर्यंत) फुकट आहे. प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा बॅकअप सर्व्हरही फुकट वापरता येतो. मग मोडतोड करा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दुपारी तीनला एक टेबल उडवा आणि डेटाबेस दोन एकोणसाठला होता तसा परत आणा. त्यासाठी बेस बॅकअपबरोबर वॉल फाइली, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, का लागतात ते एकदा हाताने केलं की विसरत नाही. एसक्यूएल सर्व्हर हा दुसरा डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये साठत राहील असा, ठेवून फक्त रोजचा फुल बॅकअप घ्या, लॉगचा घेऊ नका, आणि लॉग फाइल कशी फुगत जाते ते बघा. सकाळी सकाळी ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार चालतात ती सिस्टिम, बंद पडला की दहातल्या निम्म्या वेळा मी आधी तिथेच बघते. मग अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, परत आणायचा प्रयत्न करा. त्याला डीएसआरएमचा, म्हणजे दुरुस्तीच्या मोडमध्ये शिरायचा, पासवर्ड लागतो. तो सर्व्हर बसवताना कोणीतरी टाकलेला असतो, आणि तो कोणीतरी आता दुबईत असतो.

हिशेबाचं थोडं. आरपीओ म्हणजे किती वेळाचं काम वाया गेलेलं चालेल आणि आरटीओ म्हणजे किती वेळ बंद राहणं परवडेल, हे सगळे पाठ करून येतात. पण मीटिंगमध्ये साहेब "आरटीओ चार तास" म्हणाले की कागद घ्या. १० टीबी डेटा क्लाउडवर आहे आणि लाइन १०० एमबीपीएसची. पूर्ण वेगाने, एकदाही न तुटता तो खाली यायला ८ लाख सेकंद लागतात, म्हणजे नऊ दिवसांहून जास्त. १ जीबीपीएसची लाइन घेतली तरी बावीस तास. हा गुणाकार मोठ्या माणसांच्या मीटिंगमध्ये मी तीनदा केला आहे आणि तिन्ही वेळा खोली गप्प झाली. त्यानंतरच जवळच्या डिस्कवर एक प्रत ठेवायला पैसे मंजूर झाले. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेर, हा जुना नियम सगळ्यांना माहीत असतो. पैसे मात्र गुणाकाराने मिळतात.

बाहेर म्हणजे किती बाहेर, हे आम्हाला तौक्ते चक्रीवादळाने शिकवलं. १६ मे २०२१, रविवार. कोविडची संचारबंदी चालूच होती. वादळ किनाऱ्याजवळून गेलं, झाडं विजेच्या तारांवर कोसळली आणि गोव्यात ठिकठिकाणी लाईट गेली, काही भागांत ती अनेक दिवस आली नाही. आमचा मुख्य सर्व्हर वेर्ण्यात आणि दुसरी प्रत झुआरीपलीकडे पणजीच्या ऑफिसात. नकाशावर मध्ये नदी आहे, अंतर वीसेक किलोमीटर. वादळाला ती दोन्ही एकच जागा. पणजीचा यूपीएस दुपारपर्यंत दमला, वेर्ण्यात जनरेटर होता पण डिझेल आणणार कोण, रस्त्यावर झाडं. मोबाईलला रेंज नाही. त्यात आमची आपत्तीची योजना, चाळीस पानांची, सुबक, रंगीत, फाइल सर्व्हरवर ठेवलेली. तो बंद! बॅकअपच्या एन्क्रिप्शनची किल्ली पासवर्ड मॅनेजरमध्ये, आणि तो त्याच सर्व्हरवर. डेटा गेला नाही, दोन दिवसांनी सगळं उठलं. पण ती किल्ली आता कागदावर, सीलबंद पाकिटात, दोन वेगळ्या तिजोऱ्यांत आहे. योजना चार पानांची केली आणि छापून तिघांच्या घरी ठेवली. पहिल्या पानावर फक्त फोन नंबर आणि मशीन उठवायचा क्रम: आधी नेटवर्क आणि डीएनएस (मशीनच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा), मग डोमेन कंट्रोलर, मग डेटाबेस, मग त्यावर चालणारं बाकीचं. तिसरी प्रत आता राज्याबाहेर जाते.

लाईट जाण्याने कोणाचं भलं झाल्याचं एकच उदाहरण मला ठाऊक आहे. जून २०१७मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर पुसले. एक वाचला, घानातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज नसल्याने तो नेटवर्कवर नव्हता. त्या एका मशीनवरून बाकीचे डोमेन कंट्रोलर पुन्हा उभे राहिले. आमच्या टीममधल्या मुलांना मी सांगते की ही मर्स्कची योजना नव्हती, घानाच्या वीजपुरवठ्याची कृपा होती. तुम्ही ते मुद्दाम घडवायचं: एक प्रत अशी, की जिला नेटवर्कवरून कोणीच हात लावू शकत नाही. टेप कपाटात असेल तर उत्तम. नाहीतर ठरावीक मुदत संपेपर्यंत पुसताच येणार नाही असं स्टोरेज. आणि बॅकअप सर्व्हर कंपनीच्या डोमेनमध्ये जोडू नका. खंडणी मागणारे आधी डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळवतात, मग बॅकअप पुसतात आणि शेवटी फाइली लॉक करतात. असं काही दिसलं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांच्या आत कळवणं २०२२च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. तो फोन कोण करणार हेही त्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

टेप हसण्यावारी नेऊ नका, पण त्यांचे नखरे ओळखा. दीर्घकाळ ठेवायच्या एलटीओ टेपला (बॅकअपसाठी सर्रास वापरला जाणारा प्रकार) १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते, आणि आपल्याकडे जुलैत हवाच ओली. एसी रात्री बंद करणाऱ्या सिक्युरिटीवाल्याशी मैत्री करा. दुसरं, ड्राइव्ह भंगारात काढण्यापूर्वी कपाट उघडून बघा. एलटीओ-७, म्हणजे सातव्या पिढीचा, ड्राइव्ह मागे एलटीओ-५पर्यंतच्याच टेप वाचतो आणि एलटीओ-८ ड्राइव्हला एलटीओ-६ सुद्धा चालत नाही. आमच्याकडे एलटीओ-४च्या टेपांचा गठ्ठा नीट लेबलं लावून ठेवला होता आणि त्या वाचणारा ड्राइव्ह आदल्या वर्षीच विकला होता. पुण्याहून भाड्याने आणावा लागला.

गोव्यातल्या नोकऱ्यांबद्दल स्पष्टच सांगते. नुसतं बॅकअपचं पद इथे क्वचित निघतं. औषध कंपन्या, मोठी हॉटेलं, बँका आणि पणजीला पाटोवरच्या काही आयटी कंपन्या, एवढंच मैदान, आणि तिथेही तोच माणूस प्रिंटर आणि सीसीटीव्हीसुद्धा बघतो. पूर्णवेळ हेच करायचं तर पुणे किंवा बंगळूर. महागड्या सर्टिफिकेटवर स्वतःचे पैसे लगेच घालू नका, ती कंपनीकडून करून घ्या. त्याऐवजी इतरांच्या चुका वाचा. जानेवारी २०१७मध्ये गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला, आणि मग कळलं की रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची रोज काढायची प्रत, कित्येक दिवस फेल होत होता आणि त्याचे इशारे देणारे ईमेल पोचतच नव्हते. त्यांनी ते सगळं स्वतःच जाहीर लिहिलं आहे. मुलाखतीत हे वाचून आलेला मुलगा मला लगेच ओळखू येतो.

मी स्वतः एकच प्रश्न विचारते: शेवटचा रिस्टोअर कधी केलास आणि कुठे अडला? घरच्या डेस्कटॉपवरचा सांगितला तरी चालतो. "कुठेच नाही अडला" म्हणणाऱ्याला आणखी विचारते. आणि हो, मोठी बदलाबदल नेहमी सुट्टीत ठरते, त्यामुळे दर दोन वर्षांतली एक चवथ सर्व्हर रूममध्ये जाते. घरी आधीच सांगून ठेवा. माझ्या आईला अजून वाटतं मी कॅसेट बदलते, पण नेवऱ्यांचा डबा मात्र ती वेर्ण्याला पाठवते.