कमी खर्चात भिंत कशी सजवावी: प्रिंट, माउंट आणि फ्रेम

दिवाणखान्याची भिंत ओकीबोकी दिसते, पण धावत्या सात घोड्यांचा तयार संच काही आणावासा वाटत नाही, अशा नाशिककरांसाठी हे मार्गदर्शन. माझं मत आधीच सांगते: चित्र फुकट मिळवा, छपाई साधी करा आणि वाचलेले पैसे माउंटवर घाला. माउंट म्हणजे चित्र आणि चौकट यांच्यामधली जाड कार्डाची कोरी पट्टी. प्रिंट स्वस्तातली वाटते ती बहुतेक वेळा ही पट्टी नसते म्हणून.

आधी भिंत, मग चित्र

टेप घेऊन सोफ्याची लांबी मोजा. त्याच्या साधारण दोन-तृतीयांश रुंदी चित्रांनी व्यापली की डोळ्याला बरं वाटतं. सहा फुटी सोफा असेल तर चार फूट. एवढ्या जागेत एक मोठी फ्रेम किंवा दोन-तीन मध्यम फ्रेम बसतात. एकच ए-फोर आकाराची तसबीर तिथे हरवून जाते. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट जिथे पडतं ती भिंत सोडा, रंग उडतात. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही नको.

चित्र कुठून आणायचं

भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी चित्राचा स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे राजा रविवर्मा (निधन १९०६), म. वि. धुरंधर (१९४४), जपानचा होकुसाई (१८४९) यांची चित्रं छापायला हरकत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा मोफत खुल्या केल्या आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर जपानी छापचित्रं आणि भारतीय लघुचित्रं निवांत चाळा. छापील चित्र लावणं कमीपणाचं वाटत असेल, तर आठवा की रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो याचसाठी. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी तिथल्याच चित्रांवरून आलेली असायची.

शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची जलरंगचित्रं मोह पाडतात, पण ती अलीकडची आहेत, त्यांचे हक्क शिल्लक आहेत. तशी चित्रं हवी असतील तर हयात चित्रकारांकडून सही केलेली प्रिंट विकत घ्या. फेसबुकवरून उतरवून छापू नका.

एक खास नाशिकचा पर्याय: टपाल तिकिटं. देशाची कितीतरी तिकिटं नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात. टपाल कार्यालयातल्या फिलाटेली काउंटरवर, म्हणजे तिकीट-संग्राहकांच्या खिडकीवर, विशेष तिकिटं छापील किमतीलाच मिळतात. पक्षी, लेणी, फुलं असा एक विषय धरून नऊ तिकिटं ओळीत लावा आणि भोवती भरपूर कोरी जागा सोडा. गोंद लावू नका, संग्राहक वापरतात ते कागदी हिंज (तिकिटामागे लावायची छोटी कागदी पट्टी) लावा. लोक हमखास जवळ येऊन पाहतात.

छपाई

बारा बाय अठरा इंचांची प्रिंट सोयीची, कारण डिजिटल प्रिंटच्या दुकानांत हा कागद सर्रास असतो. चांगल्या छपाईला साधारण ३६०० बाय ५४०० पिक्सेलची फाइल लागते. ती पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की ती आकसते. दुकानात सांगा: मॅट कागद, ३०० जीएसएम (म्हणजे जाडसर), लॅमिनेशन नको. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटच दिसते, चित्र नाही.

फ्रेमवाल्याकडे

जुन्या नाशकात देवांच्या तसबिरी बनवणारे फ्रेमवाले आहेत. मॉलमधल्या तयार फ्रेमपेक्षा तिथे जा. पट्टीचा भाव बहुधा रनिंग फुटावर, म्हणजे लांबीच्या दर फुटाला असतो, म्हणून हिशेब घरीच करून जा. बारा बाय अठराच्या प्रिंटला चारही बाजूंनी अडीच इंचांचा माउंट दिला की बाहेरचं माप सतरा बाय तेवीस होतं. घेर ऐंशी इंच, म्हणजे पावणेसात फुटांच्या आसपास. कोपरे कापताना थोडी पट्टी वाया जाते, ती वेगळी धरा. माउंटशिवाय हाच घेर पाच फूट भरतो. वाढीव पावणेदोन फुटांत चित्राचा रुबाब किती वाढतो ते दुकानातच प्रिंटवर कार्ड ठेवून पाहा.

सोनेरी नक्षीची पट्टी दाखवतील. नको म्हणा. काळी, पांढरी किंवा लाकडी रंगाची अरुंद पट्टी घ्या आणि सगळ्या फ्रेमना तीच ठेवा, म्हणजे चित्रं वेगवेगळी असली तरी घर एकसंध दिसतं. माउंट पांढराशुभ्र नको, किंचित मळकट पांढरा घ्या. मुलांच्या खोलीत काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक लावा. प्रिंट माउंटला चिकटवताना फक्त वरच्या कडेला टेप लावायला सांगा. चारही बाजू चिकटवल्या तर दमट हवेत कागद फुगून लाटा येतात.

टांगणी

वर्तमानपत्राचे फ्रेमच्या मापाचे तुकडे कापून कागदी टेपने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. जागा बदलावीशी वाटलीच तर नुसता कागद हलवायचा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर असावा. भारतीय बैठक असेल तर फूटभर खाली आणा. दोन फ्रेममध्ये चार बोटं अंतर पुरे. सोफ्याची पाठ आणि फ्रेम यांत सहा ते आठ इंच सोडा.

विटांच्या भिंतीत स्टीलचा खिळा बसतो. काँक्रीटच्या कॉलममध्ये मात्र तो वाकतो. तिथे ड्रिल करून प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू लागेल. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत नुसता खिळा सैल पडतो, तिथेही गिट्टीच, जरा लांब. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात मातीची भिंत ठोकून उगाच पोपडे काढू नका, फ्रेम कोनाड्यात टेकवून ठेवा. जास्त शोभते. दोन कड्या असतील तर पाणसळ लावून दोन्ही खुणा एकाच वेळी करा.

फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या पातळ चकत्या चिकटवा. वाइनच्या गावात बूच मिळणं अवघड नाही. त्यांनी फ्रेम आणि भिंत यांत हवा खेळती राहते, ओल मागे चढत नाही. काच पुसताना फवारा कापडावर मारा, काचेवर नाही. पाणी चौकटीतून आत झिरपलं की माउंटच्या खालच्या कडेवर तपकिरी डाग पडतो, आणि तो निघत नाही.