ऑक्युपेशनल थेरपीच्या पुरस्कारासाठी प्रस्ताव पाठवताय? या चुका टाळा

बीड जिल्ह्यातल्या एका सहकाऱ्याने प्रस्ताव पाठवण्याआधी मला वाचायला दिला. पहिल्याच पानावर शिबिरं ४०, लाभार्थी ३०००, सत्कार ७. मागे कात्रणांची जाडजूड फाइल. माणूस पंधरा वर्षं खेड्यापाड्यांत राबलेला, पण कागदावर त्याचं काम कुठेच दिसेना. मराठवाड्यातून जाणाऱ्या प्रस्तावांचं बहुतेक असंच होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक हीच: डोकी मोजायची आणि माणूस विसरायचा. आपली थेरपी माणसाच्या रोजच्या कामाची आहे. तेव्हा पेशंटला आधी काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं, ते लिहा. त्याच सहकाऱ्याने बोलता बोलता एका आजींचं सांगितलं. लकव्याने डावा हात गेलेला. त्याने परातीखाली ओलं फडकं घातलं, परात सरकायची थांबली. मग उजव्या हाताने पीठ मळणं, थापणं, शेवटी तव्यावर टाकणं. अडीच महिन्यांनी आजींनी स्वतःची भाकरी स्वतः केली. प्रस्तावात यातलं एक अक्षर नव्हतं!

असा अनुभव मोजमापासह मांडा. कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर आपण कॉलेजात शिकलोच आहोत. त्यात आपलं रोजचं काम किती जमतं याला पेशंट स्वतः १ ते १० मध्ये गुण देतो आणि २ गुणांचा फरक साधारणपणे अर्थपूर्ण धरतात. ‘भाकरी करणे : आधी २, नंतर ७’ ही एक ओळ दहा कात्रणांना भारी पडते. मात्र पहिली नोंद पहिल्याच भेटीत हवी. नंतर आठवून गुण भरू नका.

संशोधनाच्या गटात अर्ज असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी काम सुरू करण्याआधीची लागते. उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, नोंदणीही. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते, मागाहून होत नाही. आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यापर्यंत गावात कुणी सापडत नाही. फॉलोअपच्या तारखा कोयता बघूनच ठरवा. तरी पेशंट सुटलेच, तर किती सुटले आणि का, हे सरळ लिहा. ते लपवलं की परीक्षकांना हमखास शंका येते.

संशोधन आणि सेवा यांची खिचडी करू नका. अमेरिकेच्या ऑक्युपेशनल थेरपी संघटनेत एलेनॉर क्लार्क स्लेगल व्याख्यानाचा मान ज्ञानातल्या योगदानासाठी आहे. तो १९५३ साली सुरू झाला. एकूण कार्यासाठी अवॉर्ड ऑफ मेरिट वेगळा. आपल्याकडेही गट नीट वाचा. शोधनिबंधाच्या गटात शिबिरांचे फोटो जोडले, तर त्याचे गुण कुठे देणार?

परीक्षक आपल्या क्षेत्राबाहेरचे असतील, जसे जिल्ह्यातल्या सामाजिक पुरस्कारांना असतात, तर ऑक्युपेशनल थेरपीला नुसतं ‘व्यवसायोपचार’ लिहून थांबू नका. वाचणाऱ्याला ते धंद्याचं प्रशिक्षण वाटतं, नाहीतर फिजिओथेरपी. दोन वाक्यांत काम समजावून सांगा.

पेशंटचा फोटो लेखी संमतीशिवाय नको, मुलांचा असेल तर पालकांची सही हवीच. शिफारसपत्रं तीन आणि मजकूर एकच, हेही लगेच कळतं. ज्याने तुमचं काम डोळ्यांनी पाहिलंय त्याचंच पत्र घ्या, मग तो प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर का असेना. थेरपिस्ट म्हणून कौन्सिलकडे असलेल्या आपल्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, तेही बघून घ्या.

आणि ‘तुमची निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला तर पैसे भरू नका. अर्ज न करता निवड आणि निवडीनंतर पैसे, हा ट्रॉफी विकण्याचा धंदा आहे. त्या पैशात गावातल्या चार घरी संडासात धरायला दांडा बसेल.